एस्टीमचे झिजलेले १.३ इंजिन घरच्या शेडमध्ये उघडायचे आहे: हौशी रॅलीसाठी नेमके काय मोजावे आणि काय बाहेर द्यावे?

मुरुमाची_वाट (नाशिक)

नमस्कार. माझ्याकडे २००४ सालची मारुती एस्टीम आहे. इंजिन नेहमीचे १२९८ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारे). आधीच्या मालकाने ही गाडी हौशी रॅलींमध्ये वापरलेली असल्यामुळे रोल केज, सीट, पट्टे आणि सम्प गार्ड (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे, म्हणजे सम्पचे, संरक्षण) ही कामे झालेली आहेत. मात्र इंजिनाकडे कोणी लक्ष दिले आहे असे दिसत नाही. चढावर जोर दिला की मागे निळसर धूर दिसतो, ऑइलची पातळी लवकर खाली जाते, आणि इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतो. कम्प्रेशन गेजवर पहिल्यापासून चौथ्या सिलिंडरपर्यंत अनुक्रमे १४५, १५०, ११५ आणि १४० पीएसआय मिळाले.

माझा उद्देश पहिला क्रमांक मिळवण्याचा नाही. गाडीने प्रत्येक स्टेज (वेळ मोजला जाणारा टप्पा) पूर्ण करावी आणि सर्व्हिस पार्कमध्ये (दुरुस्तीच्या तळावर) स्वतःच्या चाकांवर परत यावे, एवढीच अपेक्षा आहे. घरामागे पत्र्याची शेड आहे, छताच्या गर्डरला चेन ब्लॉक लावता येतो, टॉर्क पाना आणि फीलर गेज आहे, आणि हाताशी एक जाणकार मित्र आहे. हे इंजिन पूर्ण उघडून पुन्हा उभे करताना घरी कोणती कामे करावीत, मशीन शॉपला कोणती द्यावीत आणि कोणत्या क्रमाने जावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

क्रँककेस (पुणे)

इंजिन उघडण्याची घाई करू नये. उघडलेले इंजिन आपण कोणत्या अवस्थेत होते हे सांगत नाही. चालते इंजिन मात्र बरेच काही सांगते.

कम्प्रेशन मोजताना इंजिन गरम होते का, चारही प्लग काढलेले होते का, थ्रॉटल पूर्ण उघडा धरला होता का आणि बॅटरी चांगली होती का, हे आधी सांगावे. थ्रॉटल बंद ठेवून मोजलेला आकडा नेहमी कमी येतो आणि त्यावरून निघालेला निष्कर्ष चुकतो. या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कम्प्रेशनची खालची मर्यादा सुमारे १७० पीएसआय आणि सिलिंडरांमधला कमाल फरक सुमारे १४ पीएसआय दिलेला असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे मॅन्युअलमधले १७० म्हणजे आपल्याकडचे १५८ च्या आसपास धरावे. तरीही आपले चारही आकडे कमीच आहेत, आणि तिसरा सिलिंडर तर उघडपणे वेगळा पडला आहे.

आता प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चांगला वाढला तर गळती पिस्टनच्या रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामधून आहे. जवळजवळ तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे (ब्लॉक आणि त्यावरच्या हेडमधल्या सांध्याकडे) बघावे. शक्य असल्यास कॉम्प्रेसर लावून लीक-डाउन चाचणीही करावी. हवा ऑइल भरण्याच्या तोंडातून येते, सायलेन्सरमधून येते, थ्रॉटलमधून येते की रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात, हे कानाने आणि डोळ्यांनी कळते. धुराबद्दलही तसेच आहे. उतारावर बराच वेळ इंजिन ब्रेकिंग करून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच धुराचा लोट आला तर व्हॉल्व्ह सील आणि गाइडवर संशय घ्यावा. जोर दिलेला असताना सतत येणारा धूर बहुधा रिंगांचा असतो.

दिव्याबद्दल एक सूचना. ऑइल प्रेशरचा दिवा लागतो तोपर्यंत दाब अगदीच तळाला गेलेला असतो. स्विच काढून त्या जागी यांत्रिक गेज लावा आणि गरम इंजिनावर आयडलचा व ३००० आरपीएमचा आकडा लिहून ठेवा. इंजिन पुन्हा उभे केल्यावर तुलना करण्यासाठी हाच आकडा लागतो.

मुरुमाची_वाट (नाशिक)

क्रँककेस साहेब, मनापासून आभार. आधीचे मोजमाप गरम इंजिनावर, चारही प्लग काढून आणि थ्रॉटल उघडा ठेवूनच केले होते. ऑइल सोडल्यावर तिसऱ्या सिलिंडरचा आकडा ११५ वरून १५० पर्यंत गेला. बाकीचे दहा-पंधरांनी वाढले. मित्राच्या कॉम्प्रेसरवर लीक-डाउनही केले. तिसऱ्या सिलिंडरची हवा ऑइल भरण्याच्या तोंडातून स्पष्ट ऐकू येते. म्हणजे बोअर आणि रिंग यांचे काम नक्की आहे, असे समजतो.

तिसरा_गिअर (कोल्हापूर)

इंजिन उघडतच आहात तर केवळ दुरुस्ती करून थांबू नका, असे मला वाटते. हेड अर्धा मिलिमीटर घासून घ्या, कॅमशाफ्ट जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) घ्या, पोर्ट मोठे करा आणि फ्लायव्हील हलके करा. तेवढ्याच मजुरीत इंजिन पुष्कळ मोकळे होईल. पुन्हा एवढे सगळे उघडण्याचा योग लवकर येणार नाही.

क्रँककेस (पुणे)

तिसरा_गिअर यांचा उत्साह समजतो, पण धागाकर्त्यांनी सांगितलेला उद्देश आणि हा सल्ला यांचा मेळ बसत नाही. थोडे गणित मांडतो.

या इंजिनाचा बोअर ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर आहे. म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३२४.७ सीसी. उदाहरणासाठी कम्प्रेशन रेशो ९:१ धरला तर पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे ४०.६ सीसी होते. गॅस्केटच्या बाजूने हेड अर्धा मिलिमीटर घासले आणि कापलेला थर बोअरच्या क्षेत्रफळाएवढाच मानला, तर त्यातले सुमारे २.१ सीसी जातात आणि रेशो ९.४५ पर्यंत चढतो. दहाव्या हिश्शाच्या दोन घरांची, म्हणजे ०.२ मिलिमीटरची घासणी केली तर तो ९.२ च्या खालीच राहतो. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. परंतु मे महिन्यातल्या उन्हात, दुसऱ्या गिअरमध्ये, सम्प गार्डखाली कोंडलेल्या उष्णतेत आणि वाटेतल्या पंपावर मिळेल त्या पेट्रोलवर धावणाऱ्या इंजिनात मिश्रण अवेळी पेटून खडखड सुरू झाली की पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात. शिवाय हेड जितके खाली येते तितके क्रँक आणि कॅममधले अंतर घटते आणि कॅमचे टायमिंग थोडे मागे सरकते.

मोठ्या लिफ्टच्या कॅमसाठी व्हॉल्व्ह स्प्रिंग, पिस्टन व व्हॉल्व्हमधले अंतर आणि इंधनाचे मॅपिंग या तिन्हींचा पुन्हा विचार करावा लागतो. मूळ संगणक पूर्ण थ्रॉटलवर ठरलेल्या नकाशाने इंधन देतो. त्याला नवा कॅम बसवल्याचे कळत नाही. तीच गोष्ट वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ होण्याकडे झुकते, आणि ऑक्सिजन सेन्सर जिथे दुरुस्ती करत नाही त्या पूर्ण थ्रॉटलच्या पट्ट्यातच हे घडते. म्हणून या गाडीचे जुने रबरी इंधन-पाइप बदलावेत, इंजेक्टर तपासून साफ करून घ्यावेत, आणि ताकद वाढवण्याचा विषय सध्या बंद ठेवावा.

सर्वांत आधी ज्या गटात उतरायचे आहे त्याचे नियम वाचावेत. देशातल्या मोटरस्पोर्टचे नियमन करणाऱ्या फेडरेशनचे, म्हणजे एफएमएससीआयचे, त्या वर्षीचे नियम आणि स्पर्धेचे पूरक नियम पाहूनच पैसे खर्च करावेत. मूळ अवस्थेच्या जवळ असलेल्या गटांत पोर्ट घासणे किंवा फ्लायव्हील हलके करणे चालेलच असे नाही, आणि तपासणीत बाद होणारी ताकद कोणाच्याच उपयोगाची नाही.

मोजपट्टी (सांगली)

मी तंत्रनिकेतनात मोजमापशास्त्र शिकवते, म्हणून माझ्या विषयापुरते लिहिते.

क्रमाचा प्रश्न विचारला आहे, त्याचे उत्तर असे: आधी सुटे भाग धुवा, मग मोजा, मग ठरवा, आणि त्यानंतरच पार्ट विकत घ्या. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. आधी रिंग-पिस्टनचा डबा येतो आणि मग बोअर त्याला साजेसा आहे असे गृहीत धरले जाते.

बोअर मोजण्यासाठी डायल बोअर गेज आणि शून्य तपासलेला मायक्रोमीटर लागतो. व्हर्निअर कॅलिपरने हे काम होत नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये वरच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर खाली, मध्यभागी आणि तळाजवळ अशा तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर क्रँकच्या दिशेने व तिला काटकोनात अशी मोजमापे घ्यावीत. सर्वाधिक झीज बहुधा वर, काटकोनातल्या दिशेला सापडते, कारण ज्वलनाच्या क्षणी पिस्टन त्या भिंतीवर रेटला जातो आणि वरच्या रिंगेला तिथे ऑइल कमी मिळते. वरच्या व तळाच्या आकड्यांतला फरक म्हणजे निमुळतेपणा, आणि एकाच उंचीवरच्या दोन दिशांतला फरक म्हणजे अंडाकृतीपणा. सकाळी ब्लॉक थंड असताना सगळी मोजमापे एकाच बैठकीत घ्यावीत. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि पत्र्याची शेड दुपारी किती तापते ते आपण जाणताच. तापलेल्या ब्लॉकवर थंड मायक्रोमीटरने लावलेले गेज शंभराव्या हिश्शांचा फरक सहज दाखवते.

हेडची सपाटी सरळपट्टी आणि फीलर गेजने लांबीत, रुंदीत व दोन्ही कर्णांवर तपासावी. ०.०५ मिलिमीटरचे पाते कुठेही सरकत असेल तर हेड फेसिंगला (पृष्ठभाग सपाट घासायला) द्यावे. परंतु फेसिंगच्या आधी एक गोष्ट बघावी, जी बहुतेक ठिकाणी बघितली जात नाही. या इंजिनात कॅमशाफ्ट हेडमध्येच बसतो. अति तापल्याने हेड वाकले असेल तर केवळ खालचा पृष्ठभाग नव्हे, कॅमची रेषाही वाकलेली असते. खालचा भाग घासून सपाट झाला तरी वरची रेषा वाकडीच राहते. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) काढून, जर्नलना (शाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो त्या गोल भागांना) ऑइल लावून कॅमशाफ्ट हाताने फिरवून पाहा. तो कुठे अडत असेल तर ते हेड सोडून दुसरे शोधणे स्वस्त पडते.

सिन्नरकर

आपल्या भागातल्या रॅलीच्या इंजिनाला मारते ती धूळ, एवढेच मला सांगायचे आहे. नवे पिस्टन टाकून जुनाच हवेचा मार्ग ठेवला तर पहिल्याच कच्च्या स्टेजमध्ये नव्या रिंगांना पॉलिश पेपर लावल्यासारखे होते. फिल्टर बॉक्सचे झाकण काढून आतला, स्वच्छ हवेच्या बाजूचा पृष्ठभाग पांढऱ्या कापडाने पुसून पाहा. कापडावर तांबूस माती आली तर तुमच्या तिसऱ्या सिलिंडरचा गुन्हेगार सापडला असे समजा. तडकलेला बॉक्स, सैल क्लॅम्प आणि फाटलेली नळी ही तिन्ही ठिकाणे तपासा. उघडे शंकूच्या आकाराचे फिल्टर बॉनेटखाली गरम हवाही ओढतात आणि पुढच्या गाडीची धूळही. मी असतो तर कारखान्याचा बंद बॉक्स आणि नवा कागदी फिल्टर ठेवला असता, आणि दर सर्व्हिसला नवा घातला असता.

मुरुमाची_वाट (नाशिक)

सिन्नरकर, कापड तांबूस आले. बॉक्सच्या मागच्या कोपऱ्याला केसासारखी चीर आहे.

मोजपट्टी ताई, आपण सांगितल्याप्रमाणे सकाळी मोजमापे घेतली. बोअर गेज एका टूलरूममधून मिळाले. मूळ आकार ७४.०० धरून तिसऱ्या सिलिंडरमध्ये वर, काटकोनात ७४.१३ आणि तळाला ७४.०३ मिळाले. बाकीच्या तीन बोअरमध्ये वरची झीज ०.०७ ते ०.०९ आहे. हेड ०.०५ च्या आत सपाट आहे आणि कॅम मोकळा फिरतो. क्रँकचे मेन जर्नल गुळगुळीत आहेत. दुसऱ्या बिग एंडवर (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथे) मात्र नखाला लागेल अशी रेघ आहे आणि तिथल्या शेलचा (बेअरिंगच्या पातळ पट्टीचा) वरचा थर जाऊन खालचा तांबूस धातू दिसतो. दिव्याच्या लुकलुकण्याचे कारण तेच असावे.

प्रश्न असा की ०.२५ ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा तेवढे मिलिमीटर मोठा) पिस्टन पुरेल का? सर्वांत मोठा आकडा ७४.१३ आहे, त्यामुळे ७४.२५ मध्ये सगळे साफ होईल असे वाटते. शिवाय पुढच्या वेळेसाठी ०.५० शिल्लक राहील.

मोजपट्टी (सांगली)

इथे घाई करू नका, कारण हिशेब दिसतो तसा नाही.

०.१३ ही व्यासातली वाढ आहे, पण ती दोन्ही भिंतींत सारखी वाटलेली असेलच असे नाही. समजा झीज सगळी एकाच भिंतीला झाली आहे. बोअरिंग मशीन मूळ मध्यबिंदू धरून कापते. त्या भिंतीपर्यंत पोचण्यासाठी त्रिज्येत ०.१३, म्हणजे व्यासात ०.२६ कापावे लागेल. आपल्याकडे आहेत ०.२५. म्हणजे सर्वांत वाईट शक्यतेत भिंतीवर न कापलेला डाग उरतो आणि त्या डागावर रिंग बसत नाही. शिवाय होनिंगसाठी (दगडाने होणाऱ्या शेवटच्या घासणीसाठी) शेवटचे काही शंभरावे हिस्से राखून ठेवावे लागतात. मध्यबिंदू झिजलेल्या बाजूला सरकवून कापणारे कारागीर भेटतात. तसे करू देऊ नये, कारण मग त्या सिलिंडरची रेषा क्रँकशी जुळत नाही.

झीज किती एकतर्फी आहे हे तळाच्या न झिजलेल्या पट्ट्याला संदर्भ मानून मशीनवरच कळेल. मशीन शॉपला तसे विचारा. उत्तर ठाम मिळाले नाही तर ०.५० घ्या, आणि चारही सिलिंडर एकाच मापाचे करा.

क्रँककेस (पुणे)

ताईंशी पूर्ण सहमत. आकारमानाचा प्रश्नही इथेच सोडवून टाकू. ७४.५० बोअरला इंजिन सुमारे १३१६ सीसीचे होते आणि ७४.२५ ला सुमारे १३०७ सीसीचे. गटाची मर्यादा १४०० असेल तर अडचण नाही; परंतु नियम १३०० ची रेषा आखत असतील किंवा ओव्हरसाइजला ठरावीक सूट देत असतील, तर ते आधीच लेखी विचारून घ्यावे.

मशीन शॉपकडे ब्लॉक नेताना नवे पिस्टन बरोबर न्यावेत. प्रत्येक पिस्टन स्कर्टवर, मॅन्युअलने सांगितलेल्या उंचीवर मोजून, त्याला सिलिंडरचा क्रमांक देऊन, त्याच पिस्टनसाठी तो बोअर पूर्ण करायला सांगावे. या इंजिनात पिस्टन आणि बोअरमधली जागा ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर असते. रॅलीसाठी मी ०.०४ च्या बाजूला राहीन. थंडीत सकाळी थोडा आवाज आला तरी चालेल, पण तापल्यावर पिस्टन धरता कामा नये. शक्य असेल तर होनिंगच्या वेळी डेकवर (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावर) जाड पोलादी प्लेट हेडच्या बोल्टनी आवळून घ्यावी, कारण हेड आवळल्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधले बोअर किंचित आकार बदलतात. ही प्लेट सगळ्यांकडे नसते. नसेल तर काम अडवून धरण्याइतकी ती आवश्यक नाही.

क्रँक ०.२५ अंडरसाइज (मूळ मापापेक्षा तेवढे मिलिमीटर लहान) ग्राइंड करावा लागेल. परत आल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: जर्नलच्या कोपऱ्यातली मूळ गोलाई शाबूत आहे का (तिथे धार राहिली तर क्रँक तिथूनच तुटतो), ऑइलच्या भोकांच्या कडा मऊ केल्या आहेत का, आणि आतल्या ऑइलच्या वाटा तारेचा ब्रश व हवा मारून खरोखर साफ झाल्या आहेत का. मेन जर्नल ग्राइंड करावे लागले नाहीत तर त्यांचे शेल रंगखुणांनी निवडायचे असतात. ब्लॉक आणि क्रँकवरच्या खुणा मॅन्युअलमधल्या तक्त्याशी जुळवाव्यात. दुकानदाराने दिलेला 'स्टँडर्ड' डबा डोळे मिटून घेऊ नये.

पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजारात जुन्या मारुतीचे पार्ट अजून मिळतात. जिप्सीच्या १.३ साठी आलेला माल एस्टीमला चालतो असे सर्रास सांगितले जाते. इंजिनांचे घराणे एक असले तरी पिस्टनचा माथा, पिनची उंची आणि रिंगांची जाडी जुन्या पिस्टनशी प्रत्यक्ष जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

फोंडेकर (गोवा)

ब्लॉक धुण्याबद्दल कोणी लिहिले नाही, आणि माझ्या मते घरच्या कामातला हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

होनिंगनंतर बोअरच्या रेघांमध्ये दगडाची अतिशय बारीक पूड अडकून बसते. रॉकेल किंवा पेट्रोलने धुतल्यास ऑइल निघून जाते, पूड मात्र तिथेच राहते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि नायलॉनचा कडक ब्रश घेऊन बोअर घासावेत. पाणी बदलून पुन्हा घासावेत. त्यानंतर पांढऱ्या सुती कापडाला ऑइल लावून भिंत पुसावी. कापडावर करडी छटा दिसेपर्यंत धुणे संपलेले नाही. ऑइल गॅलरीचे प्लग काढूनच त्यांत पाणी आणि हवा मारावी, कारण जुन्या बेअरिंगचे कण तिथेच दडलेले असतात.

आमच्याकडच्या दमट हवेत धुतलेल्या बोअरच्या लोखंडी भिंतीवर काही मिनिटांत तांबूस गंज धरतो, आणि पावसाळ्यात नाशिकलाही वेगळे होणार नाही. म्हणून हवा मारून लगेच ऑइल लावावे, आणि ब्लॉक स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा.

मुरुमाची_वाट (नाशिक)

मशीन शॉपने तिसऱ्या बोअरची झीज बरीच एकतर्फी असल्याचे सांगितले, त्यामुळे ०.५० चे पिस्टन घेतले. स्पर्धेच्या आयोजकांकडून १४०० च्या गटात हरकत नसल्याचे लेखी कळवून घेतले आहे. ब्लॉक, क्रँक आणि हेड परत आले असून धुणेही झाले. आता जुळवणी करताना कोणत्या जागी थांबून तपासावे, ते कृपया सांगावे.

क्रँककेस (पुणे)

प्रत्येक टप्प्यावर आकडा वहीत लिहून मगच पुढे जावे.

मेन बेअरिंग कोरडी बसवून प्लास्टिगेजची (चपटी होऊन फट किती ते दाखवणारी) तार ठेवावी, कॅप मॅन्युअलच्या टॉर्कने आवळून पुन्हा उघडाव्यात. या दरम्यान क्रँक जराही फिरवू नये. जागा ०.०२ ते ०.०४ च्या आसपास मिळाली पाहिजे. बिग एंडलाही तसेच. कॅप ज्या क्रमांकाची आणि ज्या दिशेची आहे तशीच बसली पाहिजे.

वरची रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलावी आणि तोंडातली फट मोजावी. बोअरच्या दर इंचाला चार थाऊ (इंचाचे हजारावे भाग) हा जुना आडाखा धरला तर इथे सुमारे ०.३० मिलिमीटर येते. फट कमी असेल तर बारीक कानशीने एकाच बाजूने, बाहेरून आत घासावी. जास्त फट थोडी गळती करते. फारच कमी फट तापल्यावर मिटते आणि रिंग तुटते. रिंगेवरची खूण वर ठेवावी.

घरच्या डिजिटल काट्यावर पिन आणि रिंगांसह चारही पिस्टन तोलावेत आणि एक-दोन ग्रॅमच्या आत जुळवावेत. हे फुकटचे काम आहे आणि उच्च आरपीएमवर त्याचा उपयोग होतो.

ऑइल पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर बसतो. तो उघडून रोटरच्या फटी मोजाव्यात. धूळ खाल्लेल्या इंजिनात पंपही झिजलेला असतो आणि नव्या बेअरिंगवर जुना पंप बसवल्यास दाब पुन्हा कमीच राहतो. बसवताना रोटरमध्ये भरपूर ऑइल भरावे. याच टोकाला या घराण्यातल्या इंजिनांचे एक जुने दुखणे आहे: क्रँक पुलीच्या मागच्या टायमिंग गिअरची चावी आणि तिचा खाचा. मधला बोल्ट सैल राहिला की चावी खाचा खाते आणि टायमिंग सरकते. चावी नवी घालावी, खाच्याची कड तपासावी आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावा.

हेड बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल साचलेले नसावे. आवळताना दाब होऊन ब्लॉकला चीर जाऊ शकते. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळावेत. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप नवेच घ्यावेत. बेल्ट चढवल्यावर क्रँक पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवून सगळ्या खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. कुठे अडले तर जोर लावू नये.

तिसरा_गिअर (कोल्हापूर)

गणित पटले, कॅमचा आग्रह सोडतो. पण रॅलीसाठी म्हणून वेगळे असे काहीच करू नये का?

क्रँककेस (पुणे)

करावे, परंतु सम्पमध्ये आणि रेडिएटरकडे. हेअरपिनवर जोरात वळताना ऑइल एका बाजूला चढते आणि पिकअपची जाळी (पंप जिथून ऑइल ओढतो ती) क्षणभर उघडी पडते. बेअरिंग जायला तो क्षण पुरतो. नियमांत बसत असेल तर सम्पमध्ये पिकअपभोवती आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्याव्यात, आणि ऑइलची पातळी नेहमी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला ठेवावी. सम्प गार्ड आणि सम्प यांच्यात बोटभर मोकळी जागा ठेवावी, कारण आदळून चेपलेला सम्प पिकअपची वाट बंद करतो. क्रँककेसची वाफ उघडी सोडायची असेल तर ती कॅच टँकमध्ये घ्यावी. एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) नियमांत २००० सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी त्याची क्षमता किमान २ लिटर सांगितली आहे. रेडिएटरच्या बारीक पात्यांमधली माती आतून बाहेर पाणी मारून काढावी.

मोजपट्टी (सांगली)

एक कागदोपत्री सूचना. बोअरिंग करून ब्लॉक तोच राहिला आहे, त्यामुळे इंजिन क्रमांक बदललेला नाही. पुढेमागे ब्लॉकच बदलला तर आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागेल, नाहीतर स्पर्धेपूर्वीच्या कागद-तपासणीत आणि १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणात अडचण येते.

मुरुमाची_वाट (नाशिक)

इंजिन गाडीत चढले आहे. पहिल्यांदा सुरू करताना आणि रनिंग-इनच्या (नवे भाग एकमेकांत बसण्याच्या) काळात काय करावे? मित्र म्हणतो की हजार किलोमीटर हळूच चालवावी.

क्रँककेस (पुणे)

हळूच चालवण्याचा सल्ला जुना आहे आणि रिंगांच्या दृष्टीने चुकीचा आहे. रिंग बोअरवर दाबली जाते ती ज्वलनाच्या दाबाने. कमी भारावर रेंगाळत ठेवल्यास होनिंगच्या रेघा नुसत्या गुळगुळीत होतात आणि रिंगा बसतच नाहीत.

आधी प्लग काढून, इंधन आणि इग्निशन तोडून, यांत्रिक गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा. साधे मिनरल ऑइल भरावे, सिंथेटिक नंतर. सुरू झाल्यावर आयडलला ताटकळत ठेवू नये. गळती आणि तापमान पाहून, पंखा सुरू-बंद होतो याची खात्री करून गाडी रस्त्यावर काढावी. तिसऱ्या गिअरमध्ये मध्यम आरपीएमपासून चांगला जोर देऊन वेग वाढवावा, मग अ‍ॅक्सिलरेटर सोडून इंजिन ब्रेकिंगवर खाली येऊ द्यावे, आणि हे पुन्हा पुन्हा करावे. मोकळा लांब चढ मिळाला तर उत्तम. एकाच वेगाने महामार्गावर धावणे टाळावे आणि आरपीएम हळूहळू वाढवत न्यावेत.

पहिले ऑइल आणि फिल्टर पन्नास-शंभर किलोमीटरवरच बदलावे. काढलेला फिल्टर पत्र्याच्या कात्रीने कापून, कागद पिळून पांढऱ्या कापडावर पसरावा. अगदी बारीक करडी पूड अपेक्षित असते. चमकणारे पापुद्रे दिसले किंवा तांबूस कण आले तर रॅलीची प्रवेशिका भरण्याआधी सम्प उतरवून बिग एंड पाहावेत. सगळे ठीक असेल तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली) मॅन्युअलप्रमाणे पुन्हा लावावी. साधारण पाचशे किलोमीटरनंतर कम्प्रेशन आणि गरम इंजिनावरचा ऑइलचा दाब मोजून, उघडण्यापूर्वी लिहून ठेवलेल्या आकड्यांशेजारी इथेच टाकावा. चारही सिलिंडर एकमेकांपासून दहा पीएसआयच्या आत असतील तर गाडी स्टेजला न्यायला हरकत नाही.

मुरुमाची_वाट (नाशिक)

पाचशे किलोमीटरनंतरचे आकडे: १८०, १८२, १७८, १८०. गरम इंजिनावर आयडलचा दाब पूर्वीपेक्षा दुपटीहून जास्त आहे आणि दिवा लुकलुकत नाही. कापलेल्या फिल्टरमध्ये करड्या पुडीखेरीज काही मिळाले नाही. चीर गेलेला फिल्टर बॉक्स बदलला असून झाकणाच्या रबरी कडेला ग्रीस लावले आहे, म्हणजे धूळ शिरली तर ती त्या ग्रीसवर दिसेल. तपासणीसाठी पुढच्या आठवड्यात गाडी नेत आहे.

सिन्नरकर

ग्रीसची युक्ती चांगली आहे. प्रत्येक सर्व्हिसला झाकण काढले की जुने ग्रीस पूर्ण पुसून नवे लावा, आणि सुटा फिल्टर गाडीत बंद पिशवीत ठेवा.